पासबुकातली अनोळखी नोंद

महिनाअखेरीला बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं आणि घरी आल्यावर चष्मा लावून एकेक नोंद ताडून पाहायची, ही आपल्यातल्या पुष्कळ जणींची सवय. लाईटबिल गेलं, गॅसचे गेले, मुलांच्या क्लासची फी गेली, सोसायटीचे गेले. बोट खाली खाली सरकत असतं आणि मध्येच एका ओळीवर अडखळतं. १९९ रुपये. नावाच्या जागी कसल्याशा कंपनीची तुटकी अक्षरं. मागचं पान उलटून पाहावं तर गेल्या महिन्यातही त्याच तारखेला तेवढेच गेलेले. त्याच्या मागच्या महिन्यातही!

रक्कम म्हणाल तर फार मोठी नाही. एवढ्याची भाजी आपण एका बाजारात आणतो. पण ही रक्कम कशाची हे आपल्याला ठाऊक नाही, आणि घरातल्या माणसाने ती आपल्याला सांगितलेली नाही, एवढ्यानेच मनात पाल चुकचुकते. मग रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीत दिसणारा मोबाईलचा उजेड आठवतो. आपण खोलीत आल्याबरोबर पालथा ठेवलेला फोन आठवतो. संशयाला खतपाणी घालावं लागत नाही, ते तण आपोआप वाढतं.

भगिनींनो, आज बोलायचं आहे ते या न सांगितलेल्या वर्गणीबद्दल. वर्गणी हा शब्द आपल्याला नवा नाही. वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी, गणपतीची वर्गणी. पण त्या वर्गणीची पावती मिळायची, ती टेबलाच्या खणात पडलेली असायची. मासिक पोस्टमन घरी आणून टाकायचा, ते सगळ्यांच्या दृष्टीला पडायचं. आताची वर्गणी मोबाईलवर भरली जाते, दर महिन्याला आपोआप कापली जाते आणि तिच्यातून जे मिळतं ते त्या एकट्या माणसाच्या हातातल्या काचेवर दिसतं. घर तेच, माणसं तीच, पण एकाच पलंगावर शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं काय पाहत आहेत हे एकमेकांना कळत नाही. मग अशी एखादी नोंद सापडली तर करावं काय? फोन उघडून पाहावा? सरळ विचारावं? की डोळ्यांवर कातडं ओढून गप्प बसावं?

आधी ती ओळ नीट समजून घ्या

कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी हे पैसे जातात कसे ते पाहू. मोबाईलवरच्या कोणत्याही ॲपची वर्गणी घेताना बहुधा आपण बँकेला कायमची परवानगी देऊन बसतो. यूपीआयवर याला ‘ऑटोपे’ म्हणतात. ही सोय २०२० च्या जुलैपासून आहे. एकदा पिन टाकून संमती दिली की पुढे दर महिन्याला वेगळं विचारलं जात नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वसुलीला शिस्त लावली. पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी ग्राहकाला संदेश गेला पाहिजे आणि नको असेल तर त्याला ते थांबवता आलं पाहिजे, असा नियम झाला. मात्र ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता कापता येते. ही मर्यादा आधी पाच हजारांची होती, ती २०२२ मध्ये पंधरा हजार रुपये करण्यात आली.

म्हणजे संदेश येतो. पण दिवसाकाठी कर्जाचे, लॉटरीचे, साड्यांच्या सेलचे इतके संदेश येतात की त्यात हा कोण वाचतो? शिवाय पासबुकात छापलं जाणारं नाव पुष्कळदा ॲपचं नसतंच. पैसे गोळा करून देणाऱ्या मधल्याच कंपनीचं असतं. त्यामुळे ती ओळ वाचून उलगडा होण्याऐवजी गूढच वाढतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘एक रुपयात सात दिवस पाहा’ अशी जाहिरात असते. माणूस एक रुपया भरतो, सिनेमा पाहतो आणि विसरून जातो. पण तो एक रुपया भरताना त्याने महिन्याच्या महिन्याला पैसे कापायची परवानगी देऊन टाकलेली असते! ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असा तर जवळजवळ सगळ्यांचाच समज असतो. तसं होत नाही. ॲप जातं, वर्गणी चालूच राहते. ग्राहकाला असं अडकवणं इतकं बोकाळलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यात फसवणुकीचे जे तेरा प्रकार सांगितले आहेत त्यात हा वर्गणीचा सापळाही आहे.

म्हणून पहिली शक्यता अगदी साधी असू शकते. ज्याच्या खात्यातून पैसे जात आहेत त्यालाच ते माहीत नाही! किंवा सुट्टीत चिरंजीवांनी बाबांच्या फोनवर काहीतरी दाबून ठेवलं आहे. आपण इकडे झुरणीला लागायचं आणि तिकडे त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही, असं व्हायला नको.

गुपितं सगळी सारखी नसतात

आता समजा, त्याला ठाऊक आहे आणि त्याने मुद्दाम सांगितलेलं नाही. तरी लगेच टोकाचा विचार करू नये. माणसं कितीतरी गोष्टी निव्वळ संकोचापोटी लपवतात. पन्नाशीला आलेला नवरा इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या ॲपची वर्गणी भरत असेल आणि ऑफिसातली नवी पोरं हसतात हे बायकोला सांगायची त्याला लाज वाटत असेल. कोणी पत्रिका दाखवत असेल. कोणी नोकरी जाणार या धास्तीने गुपचूप नवीन अभ्यासक्रम घेतला असेल. हे लपवणं बरं नव्हे, पण त्यात दगाफटका नाही.

दुसरा प्रकार चोरून पाहायच्या चित्रांचा. यावर बोलताना आपली जीभ अडखळते, पण घराघरांत हा प्रश्न आहे, तेव्हा तो टाळून चालणार नाही. प्रौढ माणसाने एकांतात काय पाहिलं याची चौकशी कायदा सहसा करत नाही. लहान मुलांची तसली चित्रं पाहणं किंवा जवळ ठेवणं हा मात्र गंभीर गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. बाकीच्या बाबतीत प्रश्न कायद्याचा नसून तुमच्या दोघांच्या सहजीवनाचा आहे. एखादीला ते किरकोळ वाटेल, एखादीला आपला अपमान वाटेल. दोघींचंही वाटणं खरं आहे. ‘सगळे पुरुष असेच’ असं म्हणून ते मोडीत काढू नये आणि ‘आता संसार संपला’ असंही लगेच म्हणू नये.

तिसरा प्रकार ‘गप्पां’च्या ॲपचा. तिथे पैसे देऊन अनोळखी बाईशी बोलता येतं, मिनिटाला इतके असा दर असतो. इथे प्रश्न १९९ रुपयांचा राहत नाही. जे बोलणं घरात व्हायला हवं ते बाहेर विकत घेतलं जात आहे, हे दुखणं मोठं. आणि यात फसवणुकीचाही धोका असतो. व्हिडिओवर बोलायला लावून त्याचं चित्रण करायचं आणि मग ‘नातेवाइकांना पाठवू’ म्हणून पैसे उकळायचे, हा धंदा सगळीकडे चालला आहे. अशा जाळ्यात सापडलेला माणूस भीतीने आणि लाजेने घरात अवाक्षर काढत नाही.

चौथा प्रकार पैशाच्या खेळांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण ‘पोलीस धरतील’ या धास्तीने घरातलं माणूस तोंड उघडत नाही आणि कर्जाचा डोंगर वाढत राहतो. बंदीनंतरही जे चोरवाटेने खेळतात त्यांचे पैसे कुठे जातात याला धरबंध नाही.

एकाच ओळीमागे इतकं काही असू शकतं. विसरलेला एक रुपया असेल, नाहीतर घर पोखरणारी वाळवी असेल. बाहेरून पाहून कळणार नाही. आणि म्हणूनच हात फोनकडे वळतो.

फोन उघडावा का?

नवरा झोपला आहे, फोन उशाशी आहे, त्याचं बोट हलकेच लावलं की कुलूप उघडेल. एक मिनिटाचं काम. ‘मी काही परकी आहे का? माझ्याच नवऱ्याचा फोन!’ असंही मन म्हणतं.

इथे थोडं थांबा आणि उलटा विचार करा. तुम्ही झोपल्यावर तुमचं बोट लावून त्यांनी तुमचा फोन उघडला, तुम्ही बहिणीला लिहिलेलं सगळं वाचलं, सासरच्यांबद्दल तुम्ही मैत्रिणीपाशी जे मन मोकळं केलंत ते पाहिलं, तर? चालेल का? एखादी म्हणेल, ‘खुशाल पाहा, माझं काही लपलेलं नाही.’ पण लपलेलं नसणं वेगळं आणि आपलं म्हणून काही असणं वेगळं. शिवाय बहिणीने विश्वासाने लिहिलेलं तिचं दुःख तुमच्या नवऱ्याने वाचावं, हे तिला चालेल का?

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. लग्न झालं म्हणून तो हक्क उंबरठ्याबाहेर ठेवावा लागत नाही. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं की नवरा बायकोवर मोबाईलचे किंवा बँकेचे पासवर्ड देण्याची सक्ती करू शकत नाही. तशी सक्ती हा कौटुंबिक हिंसाचारसुद्धा ठरू शकतो. हा निकाल बाईच्या बाजूने लागला, पण त्यातलं तत्त्व एकतर्फी नाही.

आता कोणी म्हणेल, ‘पण चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालतं ना?’ होय. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या दाव्यात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल असं ठरवलं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या खटल्यात चोरून रेकॉर्डिंग करणारा नवरा होता आणि जिचं बोलणं टिपलं गेलं ती बायको होती; म्हणजे ही तलवार दुधारी आहे. आणि न्यायालयाने हेही म्हटलं आहे की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील, तर नातं आधीच मोडल्याचं ते लक्षण आहे. कोर्टात पुरावा चालतो याचा अर्थ संसारात पाळत चालते असा नव्हे.

काही जणी आणखी पुढे जातात. बाजारात नवऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप बसवायची ‘हेर’ ॲप मिळतात. त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. परवानगीवाचून दुसऱ्याच्या फोनमध्ये किंवा संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही, आणि लबाडीच्या हेतूने केलं असं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या ॲपवाल्यांकडे तुमच्या घरातले फोटो, बोलणी, बँकेचे संदेश सगळं जातं. अशा ॲपमधली माहिती बाहेर फुटल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत. घरातलं गुपित शोधायला जायचं आणि घराचंच दार चोरांना उघडून द्यायचं, असा तो प्रकार.

पण कायदा बाजूला ठेवला, तरी फोन न उघडण्याचं खरं कारण आणखी वेगळं आहे. फोन उघडून तुम्हाला काही सापडलं, तर बोलणं कशावर होईल? त्यांच्या चुकीवर होणार नाही. ‘तू माझा फोन का उघडलास?’ यावर होईल. विचारणारी तुम्ही, पण उत्तरं देत बसाल तुम्हीच. आणि काहीच सापडलं नाही, तर मनाला शांती मिळते का? नाही. ‘पुसून टाकलं असेल,’ असं वाटतं. मग उद्या परत पाहावंसं वाटतं. तंबाखूसारखीच ती सवय; एकदा लागली की सुटत नाही.

आपल्या डब्यातले पैसे

खासगी आणि चोरटं यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको, कारण आपण बायका तो पिढ्यान् पिढ्या जाणतो. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवघराच्या खणात आपण पैसे साठवतो. भिशीचे असतात, माहेरून आलेले असतात, घरखर्चातून काटकसरीने उरवलेले असतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी घराघरांतून हे डबे उघडावे लागले. नवऱ्याला, मुलांना ठाऊक नसलेली शिल्लक एकदम ओट्यावर आली. अडीच लाखांपर्यंतच्या अशा ठेवींबद्दल गृहिणींना विचारणा होणार नाही, असं सरकारलाही तेव्हा जाहीर करावं लागलं होतं.

ते पैसे लपवलेले होते, पण ती चोरी होती का? नव्हती. ते अडीनडीला घरालाच उपयोगी पडणारे होते. कोणाचं त्यात नुकसान नव्हतं. मात्र तोच डबा भरण्यासाठी एखादीने मुलाच्या फीचे पैसे वळते केले असते, किंवा नवऱ्याच्या नावावर कर्ज काढलं असतं, तर त्याला आपण काटकसर म्हटलं नसतं.

हाच काटा त्यांच्या वर्गणीला लावा. तीन प्रश्न स्वतःला विचारा. पैसे कोणाचे आहेत, स्वतःच्या वरखर्चाचे की घराच्या गरजेचे? त्यामुळे कोणाला इजा होते आहे का, कर्ज वाढतं आहे का, मुलांच्या वाट्याचं जातं आहे का? आणि तिसरा, तुम्ही दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द मोडला जातो आहे का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर ते त्यांचं खासगी आहे. कुतूहल वाटलं तरी सोडून द्यावं. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असेल किंवा कळत नसेल, तर विचारण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. घराच्या पैशाचा हिशेब विचारणं म्हणजे पाळत ठेवणं नव्हे. खातं दोघांच्या नावावर असेल, तर त्याचा उतारा तुम्ही उघडपणे मागू शकता. खातं एकट्याच्या नावावर असेल, तर बँक तुम्हाला माहिती देणार नाही; तिथे विचारणं हाच मार्ग.

विचारायचं कसं?

विचारायची वेळ नीट निवडा. कामावरून दमून आल्याबरोबर नको, जेवायच्या ताटावर नको, सासूबाई किंवा मुलं समोर असताना तर मुळीच नको. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देत नाही, तो अब्रू वाचवतो. रविवारी सकाळी चहा झाल्यावर, किंवा संध्याकाळी दोघंच फिरायला गेल्यावर विषय काढावा.

शब्द साधे असावेत. ‘हे काय चाललंय तुमचं?’ असं म्हटलंत की दार तिथेच बंद झालं. त्याऐवजी असं म्हणून पाहा: ‘अहो, पासबुक भरून आणलं. दर महिन्याच्या पाच तारखेला १९९ रुपये जातायत. कशाचे ते मला काही उमगलं नाही. तुमच्या ध्यानात आहे का?’ जे पासबुकात छापलेलं आहे तेवढंच बोला. रात्रीचा उजेड, पालथा फोन, दोन वर्षांपूर्वीचं लग्नातलं बोलणं, हे सगळं एकाच वेळी बाहेर काढू नका.

एवढं विचारून गप्प राहा. ही गोष्ट सर्वांत अवघड! आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच सुचवतो. त्यांना वेळ द्या. कदाचित ते म्हणतील, ‘कुठलं? दाखव बघू.’ कदाचित चिडतील: ‘तू आता माझे हिशेब तपासणार का?’ तेव्हा शांतपणे म्हणता आलं पाहिजे, ‘हिशेब घराचे तपासते आहे. तुमच्या फोनला मी हात लावलेला नाही.’ या एका वाक्यात केवढं बळ आहे पाहा. पण ते खरं असलं तरच बोलता येतं. फोन न उघडण्यामागे हाच व्यवहार आहे.

उत्तर मिळाल्यावर

विसरलेली वर्गणी निघाली, तर दोघं मिळून ती बंद करा. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा विभाग असतो, तिथे चालू असलेल्या परवानग्या दिसतात आणि रद्द करता येतात. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवलं की ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ दिसतं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली ‘सबस्क्रिप्शन्स’ असतं. कार्डावरून पैसे जात असतील, तर बँकेला कळवून ती परवानगी काढून घेता येते.

संकोचापोटी लपवलेलं निघालं, तर हसू नका आणि ते जाऊबाईंना सांगू नका. पुरुषांनाही लाज असते, फक्त ती ते रागाखाली दडवतात. आज हसलात तर पुढचं मोठं गुपित तुमच्यापर्यंत येणारच नाही.

मनाला लागेल असं काही निघालं, तर तुम्हाला वाईट वाटलं हे सांगा. रडू आलं तर येऊ द्या. पण त्याच बैठकीत निकाल लावायला बसू नका. ‘मला दोन दिवस द्या, मग बोलू,’ असं म्हणण्यात कमीपणा नाही. दोघांना आपसांत बोलणं जमत नसेल, तर विवाह समुपदेशकाची मदत घ्यावी. त्यात अब्रू जात नाही.

कोणी धमकावून पैसे उकळत आहे असं कळलं, तर भांडण नंतर. आधी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, संदेश पुसायचे नाहीत आणि पुढे एक पैसाही द्यायचा नाही. दिला की मागणी वाढते. जुगाराची सवय असेल, तर ‘पुन्हा करणार नाही’ या शपथेवर विसंबू नका. देणी किती, कोणाची, याची यादी दोघांनी मिळून लिहा. तो एक प्रकारचा आजार आहे हे समजून डॉक्टरांकडे चला. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आणि उत्तरच मिळालं नाही तर? कधी राग, कधी टाळाटाळ, कधी खोटं. एकदा, दोनदा, तीनदा. मग मात्र आपण आपली व्यवस्था पाहावी. स्वतःच्या नावाचं खातं असू द्या. विम्याच्या, घराच्या, ठेवींच्या कागदांच्या प्रती जवळ ठेवा. न वाचता कर्जाच्या कागदावर सही करू नका. स्त्रीधनातले दागिने तुमचे आहेत. ते गहाण टाकायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं. घरखर्चाचे पैसे रोखून धरणं, तुमचे दागिने विकून टाकणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ मानला आहे. हात उगारला गेला, धाकदपटशा सुरू झाला, तर १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. विश्वास ठेवणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे.

मुलांचं काय?

हाच प्रश्न वयात आलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या बाबतीत येतो, पण तिथे थोडा फरक आहे. अठराच्या आतल्या मुलांवर लक्ष ठेवणं हे आईबापांचं कामच आहे. तरी ते चोरून करू नये. ‘तुझ्या फोनवर अमुक बंधन मी घातलं आहे, पैसे कापले गेले तर मला संदेश येतो,’ हे मुलाला आधी सांगावं. ज्या मुलाला ठाऊक असतं की आई समोरून पाहते, मागून नाही, ते अडचणीत सापडल्यावर आईकडेच येण्याची आशा असते.

वर्गणीची वही

शेवटी एक घरगुती उपाय. किराण्याची वही असते तसं एक पान वर्गण्यांचं करा. कोणती, किती रुपयांची, कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यातून. तीन महिन्यांतून एकदा दोघांनी बसून ते पान पाहावं. नको त्या वर्गण्या खोडाव्या. पुष्कळ घरांत एवढ्यानेच महिन्याचे तीनचारशे रुपये वाचतील. त्यात तुमच्याही वर्गण्या लिहा बरं का! शिवणकामाचा वर्ग, मालिकांचं ॲप, सगळं.

आणि त्याच बैठकीत आणखी एक ठरवून टाका: दर महिन्याला अमुक रुपये त्यांचे, अमुक तुमचे. याचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा नाही आणि मागायचाही नाही. दोनशे असोत की दोन हजार, ऐपतीप्रमाणे ठरवा. त्यातून त्यांनी काय पाहावं, तुम्ही काय आणावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नवरा-बायकोत पडदा नसावा म्हणतात ते खरं आहे. पण दोन्ही खोल्यांना दारं असलेलं घरही घरच असतं. दार लोटलेलं असलं तर कडीला फट पाडून आत डोकावू नये. टकटक करावी आणि थांबावं. टकटक केल्यावर दार उघडण्याची जबाबदारी मात्र आतल्या माणसाची. हे दोघांनी पाळलं, तर पासबुकातल्या अनोळखी ओळीने कोणाची झोप उडणार नाही. ओळ दिसली की दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर सहज विचारता येईल, ‘अहो, हे कशाचे गेले हो?’